रोज जंतुनाशक मारूनही ओटा चिकट, वास कायम? कारण शोधूया

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. ओटा दिवसातून दोनदा पुसला जातो, वर जंतुनाशकाचा फवारा होतो, बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. तरी दुसऱ्या दिवशी हात फिरवला की बोटं चिकटतात. बेसिनपाशी आंबूस वास असतोच. बाथरूमच्या कोपऱ्यातला गुलाबी थर घासून काढला तरी थोड्याच दिवसांत पुन्हा हजर. मग आणखी कडक बाटली घरात येते आणि तीही सढळ हाताने ओतली जाते. प्रश्न सुटत नाही तो नाहीच, वर डोळे चुरचुरायला लागतात.

माझं मत सरळ आहे: अशा घरांत जंतुनाशक कमी पडत नसतं, धुणं कमी पडत असतं. जंतुनाशक मारतं, घाण काढत नाही. तेलाचा ओशट थर, वाळलेला साबण, सांडलेल्याचे डाग, सगळं जागच्या जागी राहतं. शिवाय हाच थर जंतुनाशकाचं काम बिघडवतो. ब्लीचमधला क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय घाणीशी आधी भिडतो आणि त्यातच खर्ची पडतो. खाली दडलेल्या जंतूंपर्यंत पोचेतो त्यात दम उरत नाही.

त्या ९९.९ टक्क्यांचा हिशोबही एकदा करून पाहा. दहा लाख जीवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले तर मागे एक हजार उरतात. ऊब, ओलावा आणि अन्न मनासारखं मिळालं तर ई. कोलायसारखा जीवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट म्हणजे हजारपटीहून थोडं जास्त, आणि त्याला लागतात २०० मिनिटं. म्हणजे साडेतीन तासांच्या आत हजाराचे परत दहा लाख! घरातला ओटा जीवाणूंसाठी इतका सोयीचा नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेग कमी पडतो. पण पुसून झाल्यावर तिथे चिकटा आणि ओल शिल्लक ठेवली, तर आपण होऊन त्यांची सोय करून देतो.

आधी तपासा, मग बाटली उचला

एक पांढरा टिश्यू कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि ‘स्वच्छ’ ओट्यावर घट्ट दाबून एकदाच वीतभर ओढा. उलटून बघा. करडा किंवा पिवळट पट्टा उमटला असेल तर ओटा धुतला गेलेला नाही; मळ नुसता एकीकडून दुसरीकडे पसरला आहे.

मग पुसायचं फडकं नाकाशी धरा. कुबट वास आला तर चौकशी तिथेच थांबवा, गुन्हेगार सापडला.

तिसरी गोष्ट: नेहमीसारखा फवारा मारा आणि घड्याळ लावून बघा, जागा किती वेळ ओली दिसते. पंखा चालू असेल तर तो चालूच ठेवा, कारण रोज तो चालूच असतो.

टिश्यू पांढरा राहिला, फडक्याला वास नाही, तरीही ओटा चिकट? मग तो चिकटा बहुतेक तुमच्या जंतुनाशकाचाच आहे.

फडकं

सगळ्यात जास्त वेळा गडबड इथेच असते, म्हणून इथे जरा थांबू.

एकच फडकं ओटा, गॅस, जेवणाचं टेबल आणि शेवटी बेसिनची कड असा प्रवास करतं, मग नळाखाली धरून पिळलं जातं आणि चुरगळून नळावर टाकलं जातं. आतल्या घड्या संध्याकाळपर्यंत ओल्याच. अशा फडक्याने ओटा पुसणं म्हणजे मळ आणि जंतू यांचं समान वाटप. स्पंजची गत याहून वाईट, कारण त्याची छिद्रं आतून कधी कोरडी होतच नाहीत.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. फडकी भरपूर ठेवा आणि रोज बदला. ओट्याचं वेगळं, लादीचं वेगळं, संडास-बाथरूमचं वेगळं. रंग वेगवेगळे ठेवले की घरातल्या कुणाचाच गोंधळ होत नाही. कापडाला चालत असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात धुवा आणि पूर्ण उलगडून वाळवा. वाळलेलं फडकं कडक लागलं पाहिजे; दमट लागलं तर ते वापरायला घेऊच नका. मायक्रोफायबरच्या फडक्यांना कपडे मऊ करणारं द्रव्य लावू नका, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि फडकं पाणी टिपेनासं होतं.

आता एक बारकावा. घरगुती स्प्रेमध्ये पुष्कळदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड किंवा त्याच्या जातकुळीतलं रसायन असतं; लेबलावरच्या घटकांत शोधा. या रसायनाच्या कणांवर धनभार असतो. सुती कापडाचे धागे त्याला ओढून धरतात, त्यामुळे फडकं द्रावणात बुडवून ठेवलं की औषध फडक्यातच अडकतं आणि ओट्यावर पातळ पाणी तेवढं येतं. साबणाशी तर त्याचं मुळीच जमत नाही. साबणाच्या कणांवर ऋणभार, दोघं एकमेकांना बिलगतात आणि दोघंही निकामी. म्हणजे साबणाने घासून, न धुता लगेच वर फवारा मारला, तर दोन्ही बाटल्या वाया गेल्या आणि ओट्यावर एक मेणचट पापुद्रा शिल्लक राहिला. रोज रोज हेच होत गेलं की तोच तो चिकटा तयार होतो.

तेव्हा क्रम असा: कोमट साबणपाण्याने घासा, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण पूर्ण काढा, कोरडं करा, आणि गरज असेल तरच जंतुनाशक. जिथे खाद्यपदार्थ ठेवले जातात तिथे जंतुनाशकाची वेळ संपल्यावर पुन्हा एकदा साध्या पाण्याने पुसा. चिकटा आधीच साचलेला असेल तर एकदा गरम साबणपाण्याने दोन-तीनदा घासून तो मुळापासून काढा आणि काही दिवस जंतुनाशक बंद ठेवून बघा. बहुतेक ओटे एवढ्यावरच सुधारतात.

फवारला आणि लगेच पुसला

जंतुनाशकाला वेळ लागतो. उत्पादनाप्रमाणे हा वेळ एका मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत असू शकतो. लेबलावर बारीक अक्षरांत दिलेला असतो. तेवढा वेळ जागा डोळ्यांना ओली दिसली पाहिजे. घड्याळाच्या चाचणीत जागा अर्ध्या मिनिटात वाळली असेल आणि लेबल पाच मिनिटं म्हणत असेल, तर पंखा बंद करा, द्रावण जास्त घ्या किंवा मध्ये पुन्हा ओलं करा.

अल्कोहोलची इथे खास अडचण आहे, ते पटकन उडून जातं. ७० टक्क्यांचं अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा चांगलं काम करतं, हे पुष्कळांना उलटं वाटतं. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणी लागतं आणि पाण्यामुळे ते थोडं सावकाश उडतं, म्हणून. फोन, रिमोट, विजेची बटणं अशा छोट्या वस्तूंना ते ठीक. द्रव फडक्यावर घ्या, वस्तूवर ओतू नका. पेटत्या गॅसजवळ मात्र अल्कोहोलचा फवारा अजिबात नको.

ब्लीच: किती, कसं आणि कशाबरोबर नाही

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. ‘अंदाजे दोन झाकणं’ हे माप नव्हे. बाटलीवर टक्केवारी बघा. ती ५ टक्के असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर ब्लीच घातल्यावर साधारण ०.१ टक्क्याचं द्रावण होतं, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग). घरातल्या नेहमीच्या कामाला एवढं पुरतं. आधी पाणी, मग त्यात ब्लीच, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पाणी साधंच घ्या. गरम पाण्यात ब्लीच लवकर विघटित होतं आणि दर्पही जास्त सुटतो. पातळ केलेलं द्रावण २४ तासांत वापरून टाका. पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवलेलं द्रावण उजेडाने कमजोर होत जातं, आणि मूळ बाटलीसुद्धा वर्षानुवर्षं टिकत नाही. ‘पूर्वी चालायचं, आता चालत नाही’ या तक्रारीमागे कितीतरी वेळा कपाटाच्या तळाशी पडून राहिलेली बाटली असते. वास येतोय म्हणजे ताकद आहे असंही समजू नका.

स्टीलच्या सिंकवर ब्लीच वाळू देऊ नका, बारीक खड्डे पडतात. वेळ झाली की खळखळून धुवा.

आता मिश्रणांबद्दल, आणि हे नीट वाचा. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायची बरीच द्रव्यं हायड्रोक्लोरिक आम्लाची असतात, क्षाराचे डाग काढणारीही आम्लाची असतात, व्हिनेगरही आम्लच. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन वायू. ब्लीच आणि अल्कोहोलमधून क्लोरोफॉर्मसारखी घातक रसायनं तयार होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकाच बाटलीत घातलं तर पेरअॅसिटिक आम्ल होतं. तेही डोळ्यांना, घशाला, फुप्फुसांना त्रासदायक.

बादलीत दोन बाटल्या मुद्दाम ओतणारे थोडे. अपघात होतो तो वेगळ्या वाटेने: सकाळी एकाने संडासात आम्लाचं द्रव्य घालून ठेवलेलं असतं आणि दुपारी दुसरा, ते न धुता, वरून ब्लीच ओततो. एका वेळी एका जागी एकच रसायन, आणि दुसरं वापरायच्या आधी भरपूर पाणी, हा नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

झालंच असं काही, डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ, खोकला सुरू झाला, तर तिथे थांबून ‘निस्तरायला’ जाऊ नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत जा. जाता जाता सहज हाताशी असेल ती खिडकी उघडा, तिच्यासाठी थांबू नका. श्वासाचा त्रास चालू राहिला तर लगेच वैद्यकीय मदत घ्या. रसायन डोळ्यात गेलं तर वाहत्या साध्या पाण्याने १५ ते २० मिनिटं धूत राहा आणि मग डॉक्टर गाठा. कुणी प्यायलं तर उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कुठलंही रसायन भरून ठेवायचं नाही, ‘फक्त आजच्यापुरतं’ म्हणूनसुद्धा नाही.

सिंकचा वास

वास ओट्याला नसून सिंकलाच असेल तर जाळी काढा आणि उलटी करून बघा. वरून चकचकीत, खालून करडा-काळा बुळबुळीत लेप. नख फिरवलं तर नखाखाली शेवाळासारखा गोळा येतो. जीवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून थराने राहतात, तो हा थर. वरून ओतलेलं जंतुनाशक काही क्षणांत खाली निघून जातं, थराच्या आत शिरायला त्याला वेळच मिळत नाही. त्यामुळे इथे रसायनापेक्षा ब्रश कामाचा. जाळी, तिच्या खालची कड, नळीचा वरचा वीतभर भाग आणि बेसिनच्या भिंतीला असलेलं पाणी ओसंडू नये म्हणूनचं छोटं भोक (हे भोक सगळेच विसरतात) साबण लावून जुन्या ब्रशने घासा. नळाच्या तोंडाची जाळीही उघडून धुवा.

ब्रश मारूनही वास येत असेल तर खालच्या वाकड्या नळीकडे बघा. तिच्यात साचून राहणारं पाणी गटाराचा वास अडवतं. बरेच दिवस न वापरलेल्या बेसिनमध्ये किंवा मोरीत हे पाणी वाळून जातं आणि वास थेट वर येतो. पाणी सोडलं की वास गेला, तर घाणीचा प्रश्न नव्हताच.

जाता जाता: बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर येणारा फेस बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. सोडा घासायला वेगळा वापरा, व्हिनेगर क्षारांना वेगळं वापरा.

गुलाबी थर, काळे ठिपके, पांढरे डाग

तीन रंग, तीन वेगळी कारणं, आणि तिन्हींवर एकच बाटली मारली जाते.

गुलाबी थर बहुधा सेराशिया मार्सेसन्स नावाच्या जीवाणूचा असतो. तो हवेतून, धुळीतून येतो आणि ओलसर जागी साबणाच्या, शांपूच्या उरलेल्या थरावर पोसतो. आधी ब्रशने थर घासून काढा, धुवा, मग वर दिलेलं ब्लीचचं द्रावण दहा मिनिटं ठेवून पुन्हा धुवा. नंतर मात्र ती जागा रोज कोरडी केली नाही तर तो परत येणारच, कारण हवा तुम्ही बंद करू शकत नाही. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्सची डबी अशा बेसिनपासून लांब ठेवावी. हा जीवाणू डोळ्यांच्या संसर्गाला कारण ठरू शकतो.

काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे ओल. टाइल्स, काच अशा पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावरची बुरशी साबणाने घासली तरी निघते. रंगवलेली भिंत, लाकूड, जिप्सम बोर्ड यांचं तसं नाही. ब्लीचमधलं पाणी आत मुरतं, क्लोरीन वरच राहतो. वरचा रंग उडून भिंत पांढरी दिसते आणि आतले धागे ओलावा मिळून खूश. म्हणूनच ‘घालवली होती, महिन्याभरात परत आली’. आधी गळती शोधा, बाथरूममधली वाफ बाहेर जाईल असं बघा, घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहते का ते साध्या मापकाने तपासा. काही भिजलं तर २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळवा. कोरडी बुरशी खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. ओली करून, मास्क आणि हातमोजे घालून काढा. सांध्यांमधलं सिलिकॉन आतपर्यंत काळं पडलं असेल तर ते काढून नवीन भरणं हाच उपाय. बुरशी एक चौरस मीटरहून जास्त पसरली असेल तर जाणकार माणूस बोलवा.

पांढरे डाग हे जंतू नव्हेतच. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत. त्यांना सौम्य आम्ल लागतं, व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल. जंतुनाशक कितीही मारा, ढिम्म हलणार नाहीत. फक्त संगमरवरावर आम्ल नको, तो स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे डागाबरोबर त्याची चकाकीही जाते.

रोज जंतुनाशक लागतंच का?

नाही. घरात सगळे धडधाकट असतील तर ओट्याला साबणपाणी आणि कोरडं फडकं पुरेसं आहे. खोलीभर फवारे मारणं, धूर करणं तर सोडाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, कोविडची साथ जोरात असतानाही, घरातल्या-खोलीतल्या पृष्ठभागांसाठी सरसकट फवारणीची शिफारस केली नव्हती. फवारा घाणीखाली पोचत नाही, आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास मात्र नक्की होतो. फिनेल असो की सुवासिक काही, वासाचा स्वच्छतेशी संबंध नाही. घरात मांजर असेल तर फिनॉलची द्रव्यं वापरूच नका. मांजराच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत आणि ते पंजे चाटतं.

जंतुनाशक खरंच लागतं ते कच्चं मांस कापल्यावर, घरात संसर्गाचा रुग्ण असताना, आणि उलटी-जुलाब झाल्यावर. यातलं शेवटचं नीट जमायला हवं, कारण पोटाचे विकार पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला आणि नेहमीच्या स्प्रेंना फारसा दाद देत नाही, ब्लीचला देतो. हातमोजे आणि मास्क घाला, खिडक्या उघडा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. उलटीवर आधी कागदी टॉवेल टाकून ती बाहेरून आत अशी गोळा करा. फवारा थेट मारला तर शिंतोडे उडतात. ती पिशवीत बांधली की जागा साबणपाण्याने धुवा आणि साबण काढा. मग ५ टक्क्यांचं ब्लीच १०० मिलिलिटर आणि पाणी ९०० मिलिलिटर असं जास्त कडक द्रावण करून आजूबाजूच्या भागासकट किमान पाच मिनिटं ओलं ठेवा आणि साध्या पाण्याने धुवून घ्या. दाराच्या कड्या, फ्लशचं बटण आणि नळाची मूठही यात धरा. रंगीत गालिचा किंवा गादी असेल तर ब्लीचने रंग जाईल, तिथे कापडाला चालत असेल तर वाफेचा उपयोग करा. वापरलेली फडकी शक्यतो फेकून द्या, आणि शेवटी हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा. सॅनिटायझरवर भागवू नका, त्या विषाणूपुढे त्याचं फारसं चालत नाही.